दोन रांजण, एक नदी : निघोजच्या कातळाचा इतिहास

१/
नाणेघाटाच्या माथ्यावर, वाटेच्या कडेला, एक दगडी रांजण आहे. कोकणातून घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांची जकात या रांजणात जमा होई, असे परंपरा सांगते. त्याच परिसरातील डोंगरांत कुकडी नदी उगम पावते. ही कुकडी पूर्वेकडे वाहत निघोजला पोहोचते, तेव्हा तिच्या पात्रातही दगडी रांजण दिसू लागतात. एक-दोन नव्हे, मोजू म्हटले तरी गणती चुकावी इतके. घाटमाथ्यावरचा रांजण माणसाने घडवला. पात्रातले कोणी घडवले?

२/
निघोज हे पारनेर तालुक्यातील गाव. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. पुणे-नगर रस्त्यावरील शिरूरच्या उत्तरेस, कुकडीच्या काठी ते वसले आहे. येथे नदी हीच सीमा आहे. अलीकडचा तीर पुणे जिल्ह्यातील टाकळी हाजीचा, पलीकडचा निघोजचा. गावापासून काही अंतरावर नदीचे पात्र एकाएकी काळ्या उघड्या कातळात शिरते. पाणी एका अरुंद, खोल घळीत उतरते आणि दोन्ही बाजूंचा कातळ चाळणीसारखा पोखरलेला दिसतो.

३/
काही खळगे ओंजळीएवढे आहेत, काही घागरीएवढे, तर काहींत माणूस सहज उभा राहावा. तोंड गोल, कडा गुळगुळीत, पोट तोंडापेक्षा मोठे. आतल्या भिंतींवर वळत खाली गेलेले चरे. शालेय भूगोलात यांनाच ‘रांजणखळगे’ म्हटले जाते. भाविकांसाठी मात्र ही जागा म्हणजे ‘कुंड’, मळगंगा देवीचे स्थान.

४/
निघोजविषयी इंटरनेटवर दोन प्रकारचा मजकूर सापडतो. एकात हा चमत्कार असतो. दुसऱ्यात ‘आशियातील सर्वांत मोठे’, ‘जगातील एकमेव’ अशी विशेषणे असतात. दोहोंत आश्चर्य आहे, पण इतिहास नाही. इतिहास कळायचा तर हा कातळ एखाद्या शिलालेखासारखा वाचावा लागतो. तसे वाचन प्रथम कोणी केले, हे पाहण्यासाठी पुन्हा नाणेघाटात जायला हवे.

५/
१८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम हेन्री सायक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी नाणेघाटातील लेण्यात पोहोचला. भिंतींवर त्याला कोरीव अक्षरे दिसली. त्या काळी ब्राह्मी लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपने तिचे कोडे सोडवले ते १८३७ च्या सुमारास. सायक्ससमोर लेख होता, पण अर्थ नव्हता.

६/
पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखातील अंकचिन्हांचा अभ्यास केला आणि १८८३ मध्ये गेऑर्ग ब्यूलर यांनी त्याचे सविस्तर वाचन प्रसिद्ध केले. तेव्हा त्या भिंतीतून सातवाहन राणी नागनिका बोलू लागली. कोणते यज्ञ झाले, दक्षिणा म्हणून किती गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण दिले गेले, याची मोजदादच तिथे कोरलेली होती. दोन हजार वर्षे उघड्यावर असलेला मजकूर केवळ लिपी न कळल्यामुळे मूक राहिला होता.

७/
याच सायक्सची दुसरी ओळख कमी लोकांना ठाऊक असते. १८२४ ते १८३१ या काळात त्याने दख्खनची संख्याशास्त्रीय पाहणी केली आणि १८३० च्या दशकात या प्रदेशाच्या भूरचनेवर सविस्तर निबंध लिहिला. दख्खनच्या काळ्या खडकाचे थरामागून थर त्याने नोंदवले. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द स्वीडिश भाषेतील ‘पायरी’ या अर्थाच्या शब्दावरून आला. सह्याद्रीची एखादी धार बाजूने पाहावी. पायऱ्या आपोआप दिसतात.

८/
म्हणजे एकाच माणसाने एकाच मुलखात दोन मजकूर पाहिले. एक छिन्नीने लेण्याच्या भिंतीत कोरलेला, दुसरा साक्षात त्या लेण्याच्या खडकाचा. पहिल्याला इतिहास म्हणण्याची सवय लागली. दुसरा भूगोलाच्या पुस्तकात गेला. निघोजच्या पात्रात ही विभागणी टिकत नाही.

९/
आता खडकाचे वय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला प्रचंड भेगा पडून लाव्हा बाहेर आला. तो एकदाच नव्हे, पुनःपुन्हा येत राहिला आणि थरांवर थर साचले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या बेसाल्टने व्यापला आहे. नाणेघाटाचा कडा, शिवनेरीचा किल्ला, लेण्याद्रीची लेणी आणि निघोजचे पात्र हे सारे याच लाव्ह्याचे.

१०/
इथे एक गल्लत नेहमी होते. खडक ६.६ कोटी वर्षांचा, म्हणून रांजणखळगेही तितकेच जुने, असे लिहिले जाते. हे म्हणजे कार्ल्याचे लेणे डोंगराइतके जुने आहे असे म्हणण्यासारखे झाले. खडकाचे वय वेगळे, त्यात कोरलेल्या आकाराचे वय वेगळे. नदी खडकाच्या कितीतरी नंतर आली, तिने पात्र खोल केले आणि त्या पात्राच्या तळाशी खळगे कोरले. खळगा पात्रापेक्षा जुना असूच शकत नाही.

११/
कोरण्याची रीत समजण्यासाठी ताक घुसळणारी रवी डोळ्यांपुढे आणावी. पुराचे पाणी वेगाने खडकावरून धावते. वाटेत एखादी खाच, भेग किंवा लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्याने सोडलेले छिद्र लागले की प्रवाह तिथे वळतो आणि भोवरा तयार होतो. भोवऱ्यात वाळू आणि गोटे अडकतात. पाणी रवीसारखे फिरते आणि वाळू खडकाला घासत राहते.

१२/
एका पुरात फार काही घडत नाही. पण खाच किंचित खोल झाली की पुढच्या पुरात तोच भोवरा अधिक पक्का बसतो. अधिक गोटे त्यात येऊन पडतात, घर्षण वाढते. म्हणून खळगा खोल होत जातो तसे त्याचे पोटही रुंदावते. तळाशी जे गुळगुळीत गोटे दिसतात, ती या कामाची हत्यारे. खडक झिजवताना तीही झिजतात. जुने झिजून संपतात आणि नदी वरून नवे आणून टाकते.

१३/
शेजारशेजारचे दोन खळगे वाढत वाढत एकमेकांना भिडतात. मधली भिंत पातळ होते, तिला झरोका पडतो, शेवटी ती कोसळते. दोहोंचा एक खळगा होतो, मग तिसरा त्यात मिसळतो. अशा जोडणीतूनच खडकात नाली तयार होते आणि नालीची पुढे घळ होते. निघोजची खोल घळ आणि तिच्या काठचे खळगे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. खळगे हे सुरुवातीचे प्रकरण, घळ हे नंतरचे. दोन्ही एकाच जागी उघडी पडली आहेत, हे निघोजचे खरे वैशिष्ट्य.

१४/
म्हणूनच ‘जगातील एकमेव’ या विशेषणाची निघोजला गरज नाही. दक्षिण आफ्रिकेत ट्र्यूर आणि ब्लाइड नद्यांच्या संगमावर ‘बर्क्स लक’ येथील रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात इंद्रायणीच्या पात्रातही ते आहेत. पुणे विद्यापीठातील भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची मोजमापे घेऊन अभ्यास केला आहे. अनेक ठिकाणी तीच लिपी सापडते म्हणूनच ती वाचता येते. ब्राह्मीचा एकच लेख जगात असता, तर प्रिन्सेपलाही तो उलगडला नसता.

१५/
मात्र निघोजच्या मजकुरात एक विलक्षण विरोधाभास आहे. पारनेर तालुका पर्जन्यछायेत येतो. येथील पिढ्यांनी दुष्काळ पाहिला आहे. घाटमाथ्यावरील पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, इथला शेकड्यांतच संपतो. अशा कोरड्या गावाजवळचा कातळ पाण्याने कोरलेला आहे. हे पाणी निघोजचे नव्हे. जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीत कोसळणारा पाऊस कुकडीतून इथवर येतो आणि दुष्काळी मुलखात पुराचा हस्ताक्षरलेख सोडून जातो.

१६/
या नदीचे खोरे दख्खनच्या इतिहासाची जणू बखरच आहे. उगमाजवळ पूर येथे कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये बांधली, या परंपरेत त्याचे नाव घेतले जाते. पुढे जुन्नर. तिथल्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. लेण्याद्री तर कुकडीच्या तीरावरच आहे. जवळच शिवनेरी, जिथे १६३० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

१७/
जुन्नरच्या लेण्यांजवळ पाण्याची टाकी खोदलेली आढळतात. प्राकृत दानलेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कोणी लेणे दान दिले, कोणी पोढी. डोंगरात छिन्नीने खोदलेली पोढी आणि पात्रात वाळूने कोरलेला रांजण यांचा खडक एकच. फरक एवढाच की पोढीवर दात्याचे नाव आहे, रांजणावर नाही.

१८/
त्याहूनही मागे जाता येते. जुन्नर तालुक्यातील बोरी हे गाव कुकडीच्याच काठी आहे. १९८० च्या दशकात तिथल्या नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि आदिमानवाची अश्यूलियन पद्धतीची दगडी हत्यारे सापडली. ही राख दख्खनच्या लाव्ह्यातील नव्हे. तो लाव्हा थिजून कोट्यवधी वर्षे लोटली होती. तिचा संबंध अभ्यासकांनी थेट इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जोडला.

१९/
त्या राखेच्या वयावरून मोठा वाद झाला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मापनानुसार ती सुमारे १४ लाख वर्षांपूर्वीची. दुसऱ्या मतानुसार टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील. आकड्यांतील अंतर प्रचंड आहे. पण अगदी धाकटे वय धरले तरी एक गोष्ट उरते. नागनिकेच्या लेखापूर्वी हजारो वर्षे कुकडी वाहत होती, गोटे वाहून आणत होती आणि तिच्या काठी माणूस दगड फोडून हत्यार बनवत होता.

२०/
हे चित्र नीट पाहावे. काठावर माणूस एका दगडाने दुसरा दगड घडवतो आहे. त्याच नदीच्या पात्रात पाणी एका दगडाने दुसरा दगड घडवते आहे. माणसाचे काम आज संग्रहालयात आणि शोधनिबंधांत आहे. नदीचे काम निघोजला उघड्यावर आहे.

२१/
मग गावकऱ्यांना हे काही कळत नव्हते काय? तसे म्हणणे उथळपणाचे होईल. ‘रांजण’ हा शब्दच निरीक्षणातून आला आहे. अरुंद तोंड, फुगीर पोट, आत साठलेले पाणी. ज्याने प्रथम हे नाव दिले त्याने आकार अचूक टिपला होता. आणि उन्हाळ्यात नदी आटल्यावरही खळग्यांत पाणी टिकते, ही गोष्ट दुष्काळी भागातील माणसाला कोणत्याही पुस्तकाआधी ठाऊक असणारच.

२२/
चैत्रात मळगंगेची मोठी यात्रा भरते. या वेळी गावातील बारवेतून देवीची घागर वर येते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. नदीत रांजण, बारवेत घागर. पाण्यावाचून तळमळलेल्या मुलखाने आपल्या देवीची कल्पना पाण्याच्या भांड्यांतून करावी, यात इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाचण्यासारखे पुष्कळ आहे. श्रद्धेने घडणीचे कारण सांगितले नसेल; पण इथे पाण्याला काय मोल होते, हे तिने जपून ठेवले.

२३/
शिवाय श्रद्धेने जागा राखलीही. जी जागा देवाची मानली जाते तिथला दगड कोणी सहसा फोडत नाही. कायद्याचे पाहिले तर प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा वास्तू, लेणी, शिल्पे, शिलालेख अशा गोष्टींसाठी आहे. नदीने कोरलेला रांजण त्या चौकटीत बसत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण काही स्थळांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणते. महाराष्ट्रातील लोणार सरोवर त्यांत आहे. २०२२ मध्ये भूवारसा स्थळांसाठी केंद्राने विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, म्हणजे ही उणीव शासनालाही जाणवली होती.

२४/
परंतु निघोजचा प्रश्न कुंपण घालून सुटणारा नाही. लेणे एकदा खोदले की कारागीर निघून जातो. नंतर केवळ जपणूक उरते. रांजणखळग्याचा कारागीर अजून कामावर आहे. त्याला तीन गोष्टी लागतात. कातळ, पूर आणि वाळू-गोटे. कातळ जागेवर आहे. उरलेल्या दोहोंची स्थिती गेल्या काही दशकांत बदलली.

२५/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्प उभा राहिला. माणिकडोह आणि येडगाव ही धरणे कुकडीवर. शिवाय मीना, घोड आणि आर या नद्यांवर वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. या पाण्यावर जुन्नर-आंबेगावपासून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतची शेती उभी आहे. ज्या तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसला, त्यांच्यासाठी हे धरणाचे पाणी म्हणजे जगणे. त्याला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल.

२६/
तरीही जे घडले ते नोंदवले पाहिजे. आता पूर येतो तो बहुधा धरणे भरल्यावर, दरवाज्यांतून. घाटातून निघालेला गाळ आणि गोटे जलाशयात थांबतात. भिंतीपलीकडे येते ते निवळलेले पाणी. जी वाळू खाली उरते, तिच्यावर बांधकामाची नजर असते. दख्खनच्या नद्यांतून होणारा वाळूउपसा कोणाला अपरिचित नाही. वाळू नसलेला पूर म्हणजे छिन्नी नसलेला कारागीर.

२७/
तेव्हा आज निघोजला दिसतात ते खळगे मुख्यतः मुक्त कुकडीने लिहिलेले आहेत. पुढचा मजकूर निराळ्या हाताने, निराळ्या वेगाने लिहिला जाईल. उद्याच्या अभ्यासकाला या कातळातून धरणांआधीच्या पुरांचा माग काढावा लागेल, आणि त्यासाठी जुनी अक्षरे शाबूत हवीत. खडकावर रंगाने लिहिलेली नावे, खळग्यात साचलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, फोडलेल्या कडा यांनी नेमकी तीच पुसली जातात. नाणेघाटाच्या लेखावर आज कोणी नाव कोरले तर संताप होतो. निघोजला तो होत नाही, कारण तिथे लेख आहे हेच अनेकांना दिसत नाही.

२८/
निघोज पाहायचे ते पावसाळा सरल्यावर, पाणी उतरलेले असताना. पुरात किंवा विसर्गाच्या काळात कातळावर उतरणे जिवावर बेतू शकते. ओल्या कडा निसरड्या असतात आणि घळ खोल आहे. घाईने छायाचित्र घेऊन परतण्याऐवजी एखाद्या खळग्यापाशी बसून तीन गोष्टी शोधाव्यात. आतल्या भिंतीवरचे वळणदार चरे, शेजारच्या खळग्याशी झालेली जोडणी आणि तळाचा गोटा. एवढे सापडले की पूर कोणत्या दिशेने आला आणि कुठे वळला, हे कातळच दाखवतो.

२९/
आणि तो तळाचा गोटा हाती लागलाच, तर आठवण म्हणून घरी नेऊ नये. सह्याद्रीकडून वाहत आलेला, शेकडो पुरांत फिरून गोल झालेला तो दगड कुकडीच्या हातातले हत्यार आहे. ज्या वर्षी घाटात पाऊस अनावर होईल, धरणाचे दरवाजे उघडतील आणि पाणी पुन्हा या कातळावर चढेल, त्या वर्षी तो परत फिरू लागेल. तोवर त्याला त्याच्या रांजणात राहू द्यावे.

(धागा समाप्त)